बेबी मॉनिटर घेताना पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

बेबी मॉनिटर शोधायला बसलं की एकाच पानावर हजार-दीड हजारांचाही दिसतो आणि अठरा हजारांचाही. दोन्हींवर कॅमेरा, दोन्हींवर ‘नाइट व्हिजन’, दोन्हींखाली चार-साडेचार तारे. मग फरक कशाचा? सेलची वाट बघायची का? अमेरिकेतली आत्या आणते म्हणते, तो इथे चालेल का? नवे आईबाबा हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि बारशाला सगळ्यांनी मिळून काय द्यावं या विचारात असलेले काका-मावश्याही.

सवलतींच्या मागे लागण्याआधी तुमच्या घराला नेमकं काय हवं आहे ते ठरवा. कोणत्याही सेलमध्ये वाचणार नाहीत इतके पैसे या एका निर्णयात वाचतात.

ऐकायचं आहे, बघायचं आहे, की ऑफिसातून बघायचं आहे?

बाळाने पहिले किमान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि घट्ट गादीवर झोपावं असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. आपल्याकडे बाळ आईच्या खोलीतच असतं. वन बीएचके असेल, स्वयंपाकघरातून बाळाची कुरकुर ऐकू येत असेल, तर तुम्हाला मॉनिटरची गरज नाही. मनात शंका नको म्हणून घेतलेला मॉनिटर दोन महिन्यांत कपाटात जातो. तसं होणार असेल तर ते पैसे लसींसाठी ठेवा.

गरज खरी असते ती साधारण अशा घरांत:

- एसीमुळे खोलीचं दार बंद राहतं आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असता. इथे फक्त आवाज पोचवणारा मॉनिटर पुरतो.
- घर दुमजली आहे, रो हाउस किंवा बंगला आहे, आणि प्रत्येक हुंकाराला जिना चढणं बाळंतिणीला झेपणारं नाही. इथे चित्र दिसलं तर उपयोग होतो.
- आईची किंवा बाबांची रजा संपली आहे, बाळ आजीजवळ किंवा सांभाळणाऱ्या मावशींजवळ राहणार आहे, आणि ऑफिसातून अधूनमधून बघायचं आहे. यासाठी इंटरनेटवर चालणारा कॅमेराच लागतो.
- आई किंवा बाबांना कमी ऐकू येतं. मग पालकांजवळचा भाग थरथरणारा किंवा दिवे लागणारा आहे ना, एवढंच आधी बघा. बाकी सगळं नंतर.

तिसऱ्या गटातल्या पालकांसाठी एक गोष्ट. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. कॅमेरा शोधण्याआधी आपल्या एचआरला पाळणाघराबद्दल लेखी विचारा. हा हक्क कागदावर असतो आणि मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही.

बाजारात काय मिळतं

*फक्त आवाजाचा मॉनिटर.* एक भाग बाळाजवळ, एक तुमच्याजवळ. इंटरनेट नको, अॅप नको, पासवर्ड नको. भारतात याचे पर्याय मोजके आहेत, त्यामुळे किंमत उगाच चढी वाटते. तरी आजीच्या हातात द्यायला यापेक्षा सोपं काही नाही.

*स्वतःच्या पडद्यासह येणारा मॉनिटर.* कॅमेरा आणि छोटा पडदा एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये वाय-फाय नसतं. साधारण पाच हजारांपासून पुढे पंधरा हजारांच्याही वर जातो. नेट गेलं तरी चालतो आणि बाहेरचा माणूस इंटरनेटवरून त्यात शिरू शकत नाही. घराबाहेरून मात्र बघता येत नाही.

*वाय-फाय कॅमेरा.* टॅपो, शाओमी, सीपी प्लस, क्यूबो अशा कंपन्यांचे घरगुती कॅमेरे साधारण दीड ते साडेतीन हजारांत मिळतात. फिरतो, अंधारात बघतो, दुतर्फा बोलता येतं, रडण्याचा किंवा हालचालीचा इशारा फोनवर देतो. ‘बेबी’ असा शिक्का मारून गुलाबी-निळ्या खोक्यात येणारे कित्येक मॉनिटर प्रत्यक्षात याच जातीचे असतात आणि किंमत मात्र दुप्पट असते. खोलीचं तापमान दाखवणं किंवा अंगाईगीत वाजवणं यासाठी जास्त पैसे मोजायचे का, ते तुम्ही ठरवा. मी मोजणार नाही. भिंतीवरचा साधा तापमापक तेच काम करतो.

*जुना फोन.* घरात चालू अवस्थेतला जुना स्मार्टफोन असेल तर अल्फ्रेडकॅमेरासारख्या अॅपने तो कॅमेरा होतो. खर्च शून्य. गरज खरी आहे का हे पडताळायला आठवडाभर हाच प्रयोग करा. फक्त चार्जिंगला लावलेला फोन गादीवर किंवा पाळण्यात ठेवू नका. तो तापतो.

खोक्यावरची किंमत म्हणजे खर्च नव्हे

समजा कॅमेरा १,८०० रुपयांचा आहे. चित्रण साठवायला कार्ड लागतं, त्याचे ६०० धरा. भिंतीवर लावायचा तर लांब वायर किंवा एक्स्टेन्शन, ३०० रुपये. आता समजा कंपनी म्हणते की रडणं ओळखण्याची सोय पहिले काही दिवस मोफत, नंतर दरमहा २०० रुपये. दोन वर्षांचे ४,८०० झाले. एकूण ७,५००. एवढ्या पैशांत स्वतःच्या पडद्याचा, कसलंही मासिक शुल्क नसलेला मॉनिटर आला असता.

म्हणून खरेदीआधी हे विचारा:

- पैसे न भरता नेमकं काय चालतं? थेट बघणं, इशारे, जुनं चित्रण, यांपैकी काय मोफत आणि काय सशुल्क?
- कार्डवर साठवता येतं का, की क्लाउडच घ्यावं लागतं?
- पालकांजवळच्या पडद्याची बॅटरी बदलता येते का? बॅटरी मेल्यावर अख्खा संच टाकावा लागत असेल, तर स्वस्त पडदा महागातच पडतो.
- इन्व्हर्टर नसेल आणि तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल, तर कॅमेरा पॉवर बँकेवर चालतो का? आणि राउटरचं काय? राउटर बंद पडला की वाय-फाय कॅमेराही आंधळाच.
- बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात. तुमच्या राउटरवर तो पट्टा चालू आहे ना?

कार्ड मात्र अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत घेऊ नका. खोट्या क्षमतेची कार्डं बाजारात भरपूर आहेत, आणि कार्ड कोरं निघालं हे नेमकं हवं तेव्हाच कळतं.

चांगला भाव कधी आणि कुठे

मोठे ऑनलाइन सेल ठरलेल्या काळात येतात: प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, जुलैच्या आसपास, आणि सर्वांत मोठे नवरात्र ते दिवाळी या दिवसांत. बाळाची तारीख तुम्हाला ठाऊक असते, त्यामुळे सातव्या महिन्यापासून भावावर लक्ष ठेवायला वेळ मिळतो. बाळ घरी आल्यावर रात्री तीन वाजता मागवलेल्या वस्तूचा भाव कोणी बघत नाही.

‘छापील किंमत ९,९९९, आता फक्त १,९९९, ८० टक्के सूट’ यातल्या ८० टक्क्यांना काही अर्थ नाही. ती वस्तू गेल्या तीन महिन्यांत कितीला विकली जात होती, एवढंच महत्त्वाचं. कीपा किंवा बायहटकेसारख्या साधनांवर तो आलेख दिसतो. बरेचदा असं दिसतं की सेलच्या आदल्या पंधरवड्यात भाव चढला आणि सेलमध्ये पूर्वीच्या जागी आला. एरवी दोन हजारांना मिळणारी वस्तू सेलमध्ये १,९९९ ला मिळाली तर वाचला एक रुपया.

बँकेच्या कार्डावरची दहा टक्के सूट खरी असते, पण तिला कमाल मर्यादा आणि किमान खरेदीची अट असते. अट पुरी करायला नको असलेली वस्तू टोपलीत टाकू नका. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँकेचं प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. शिवाय रोख भरल्यास मिळणारी सूट हप्त्यांवर मिळते का, तेही बघा. दोन-तीन हजारांच्या वस्तूसाठी हप्ते करूच नयेत.

‘फक्त दोन शिल्लक’, ‘सवलत संपायला नऊ मिनिटं’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत आलेली वाढीव वॉरंटी, सोडता न येणारी वर्गणी, या सगळ्याला २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ‘डार्क पॅटर्न’ ठरवून मनाई केली आहे. पैसे भरण्याआधी शेवटचं पान वरपासून खालपर्यंत वाचा आणि तुम्ही न लावलेली प्रत्येक खूण काढा.

दुकानांना विसरू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि बहुतेक जिल्ह्याच्या गावांत सीसीटीव्ही बसवणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथे कॅमेरा लावून चित्र बघता येतं. ऑनलाइन भाव दाखवला की दुकानदार थोडंफार उतरतो. किंमत उतरत नसेल तर कार्ड फुकट मागा, ते देणं त्याला सोपं जातं. मात्र ‘बिल नको असेल तर अजून कमी करतो’ याला स्पष्ट नाही म्हणा. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि तक्रारही जवळपास नाही.

खोकं वाचा

आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, आयात वस्तू असेल तर मूळ देश, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तसंच ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला हवा. आयातदाराचं नावच नसेल तर वॉरंटी द्यायला भारतात कोणीही नाही, असंच समजा.

दुसरी खूण बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची. सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचे अॅडॉप्टर अनिवार्य नोंदणीत येतात. ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. ते खोक्यावरच्या नावाशी जुळतं का पाहा. अॅडॉप्टरवरही हा क्रमांक शोधा. तो चोवीस तास बाळाच्या खोलीत तापत राहणार आहे.

घरी आल्यावर लगेच चाचणी घ्या

ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत बहुधा आठ-दहा दिवसांचीच असते. बाळंतपणाआधी महिना-दीड महिना मागवून खोकं तसंच ठेवून दिलं, तर मुदत कपाटातच संपते. आलं त्याच दिवशी खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि मग या गोष्टी करून बघा:

- पंखा. बाळाच्या खोलीत पंखा नेहमीच्या वेगावर लावा, दार बंद करा, मोबाइलवर रडण्याचा आवाज हलक्या आवाजात वाजवा. आवाज आला तरच पाठवणारा मॉनिटर असेल, तर पंख्याच्या घरघरीनेच तो सारखा चालू राहतो का? संवेदनक्षमता कमी केली तर रडणंही गाळतो का? कागदावर चांगले दिसणारे मॉनिटर इथे नापास होतात.
- मच्छरदाणी. अंधारात बघणारे कॅमेरे स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकतात. मध्ये मच्छरदाणी आली की तो जाळीवरून परततो आणि पडद्यावर पांढरं धुकं दिसतं, बाळ दिसत नाही. दिवसा सगळं ठीक वाटतं. रात्री जाळी लावून, दिवे घालवून बघा. कोन बदलून जमलं नाही तर कॅमेऱ्यातला अवरक्त दिवा बंद करून मंद झिरोचा दिवा लावता येतो. अवरक्त दिवा बंद करण्याची सोय अॅपमध्ये आहे ना?
- भिंती. ‘रेंज ३०० मीटर’ ही मोकळ्या मैदानातली गोष्ट आहे. काँक्रीटचा स्लॅब आणि दोन विटांच्या भिंती मध्ये आल्या की बराच सिग्नल तिथेच विरतो. पडदा हातात घेऊन गच्ची, मोरी, स्वयंपाकघर असं फिरा.
- उशीर. कॅमेऱ्यासमोर एकाने टाळी वाजवावी, दुसऱ्याने खोलीबाहेर फोन बघावा. एक-दोन सेकंद चालतील. दहा सेकंद उशीर होत असेल तर परत करा.
- रात्रभर. एक अख्खी रात्र चालू ठेवा. सकाळी अॅडॉप्टरला हात लावून बघा, जोडणी किती वेळा तुटली तेही पाहा. तुटल्यावर इशारा आला का? न सांगता गप्प होणारा मॉनिटर हा सर्वांत वाईट, कारण शांतता म्हणजे बाळ झोपलं असं आपण धरून चालतो.

अमेरिकेहून येणारा मॉनिटर

प्रेमाने आणलेली वस्तू नाकारणं अवघड असतं, म्हणून आणण्याआधीच कळवा. तिथले ‘डेक्ट ६.०’ पद्धतीचे मॉनिटर १,९२० ते १,९३० मेगाहर्ट्‌झवर चालतात. तो पट्टा भारतात मोबाइल सेवेसाठी आहे, म्हणून तसा संच इथे वापरू नये. २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आणि वाय-फाय कॅमेरे बहुधा चालतात, पण अॅप भारतातून सुरू होतं का ते आधी तपासून घ्या. अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं हवं. नुसतं १२० असेल तर इथल्या प्लगमध्ये तो जळेल. वॉरंटीही साधारणपणे त्या देशापुरतीच असते. आत्याला त्याऐवजी तिकडून चांगलं थर्मामीटर आणायला सांगा.

वापरलेला घ्यायचा असेल तर

मॉनिटर फार तर दीड-दोन वर्षं वापरला जातो, त्यामुळे मैत्रिणीकडून किंवा सोसायटीतल्या कुणाकडून वापरलेला घेणं हा मला सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो. निम्म्या किमतीच्या पुढे जाऊ नका. वाय-फाय कॅमेरा जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेला असतो, म्हणून पैसे देण्याआधी समोरच त्याला तो आपल्या खात्यातून काढायला लावा, कॅमेरा रीसेट करा आणि तुमच्या फोनवर जोडून बघा. पडद्याची बॅटरी फुगलेली असेल तर फुकटही घेऊ नका. अनेक वर्षं जुन्या, अद्ययावत होणं बंद झालेल्या कॅमेऱ्याचंही तेच.

इथे काटकसर नको

*वायर.* कॅमेरा आणि त्याची वायर बाळाच्या पाळण्यापासून किमान तीन फूट दूर हवी. वायर गळ्याभोवती गुंडाळली जाऊन बाळं दगावल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. पाळण्याच्या कठड्याला कॅमेरा कधीही बांधू नका. आज पालथंही न पडणारं बाळ काही महिन्यांत हात लांबवून सगळं ओढतं. लांब वायर आणि भिंतीवरची पट्टी यांचे तीनशे रुपये खर्च कराच.

*पासवर्ड आणि अद्ययावत सॉफ्टवेअर.* २०१२ साली ट्रेंडनेट या कंपनीच्या घरगुती कॅमेऱ्यांतल्या त्रुटीमुळे जवळपास ७०० कॅमेऱ्यांची थेट दृश्यं इंटरनेटवर उघडी पडली. त्यांत पाळण्यात झोपलेली बाळंही होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढच्या वर्षी त्या कंपनीवर कारवाई केली. नाव-गाव नसलेला कॅमेरा दोनशे रुपयांनी स्वस्त असला, तरी त्यातली त्रुटी दुरुस्त करायला कोणी बसलेलं नसतं. आल्याबरोबर पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, अपडेट आपोआप होऊ द्या. पासवर्ड साऱ्या नातेवाइकांना वाटू नका. आजोबांना बघायचं असेल तर अॅपमधली ‘शेअर’ सोय वापरा, म्हणजे हवं तेव्हा ती काढता येते.

*सांभाळणाऱ्या मावशी.* त्यांना कॅमेऱ्याबद्दल आधी सांगा आणि कुठे आहे ते दाखवा. त्यांच्या कपडे बदलण्याच्या किंवा विश्रांतीच्या जागेवर तो रोखू नका. लपवलेला कॅमेरा कधीतरी सापडतोच आणि चांगली बाई काम सोडून जाते. बाळाच्या दृष्टीने हे नुकसान कोणत्याही मॉनिटरपेक्षा मोठं आहे.

*श्वास आणि ऑक्सिजन मोजणारे मोजे, पट्टे.* हे सर्वांत महाग असतात आणि भीतीवर विकले जातात. निरोगी बाळाचा झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा उपकरणांवर विसंबू नये, हे अमेरिकन अकॅडमीने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे. बाळाला उताणं झोपवणं, गादी घट्ट आणि सपाट ठेवणं, आजूबाजूला उशा-गोधड्या न ठेवणं, घरात धूम्रपान होऊ न देणं, या गोष्टी खरोखर उपयोगी आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला हृदयाचा-श्वासाचा त्रास असेल, तर उपकरण कोणतं हे डॉक्टरच ठरवतील.

वस्तू खराब निघाली तर

‘परतीची मुदत संपली’ किंवा ‘फक्त बदलून मिळेल, पैसे नाही’ हे उत्तर शेवटचं मानू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील किंवा ती ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘मासिक शुल्क नाही’ असं पानावर लिहिलं होतं आणि अॅप पैसे मागतं, हा जाहिरातीशी विसंगत मालच आहे. म्हणून खरेदीच्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, नंतर मजकूर बदलतो.

पायऱ्या अशा:

1. संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या.
2. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतही बोलता येतं. बिल, ईमेल आणि फोटो जवळ ठेवा. दोन-चार हजारांची बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
3. तरीही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर राज्याच्या वैधमापन विभागाकडे वेगळी तक्रार करता येते. भेट म्हणून मॉनिटर देणार असाल तर बिल खोक्यातच ठेवा आणि शक्यतो ते बाळाच्या आईच्या किंवा बाबांच्या नावाने करा. पुढे वॉरंटीसाठी फोन करावा लागला तर तो त्यांनाच करायचा आहे.